दादीचं शहर

शाळेची सहल निघाली की मुलं मोजायचं काम मी स्वतःहून मागून घेतो. बसमध्ये चढताना मोजायची, उतरताना मोजायची, जेवायला बसली की पुन्हा मोजायची. आणि एखादा किल्ला किंवा जुनी इमारत आली की बाहेर झाडाखाली बसून सगळ्यांची दप्तरं आणि डबे सांभाळायचे. नळदुर्गला मी शाळेबरोबर सहा-सात वेळा गेलो असेन, पण तिथला पाणीमहाल मी फक्त फोटोत पाहिला आहे. विजापूरला मुलं गोल घुमटात जाऊन स्वतःचाच आवाज ऐकत होती आणि मी बागेत बसून वह्या तपासत होतो. माझे सहकारी मला कामसू समजतात. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती सांगायची वेळ कधी आली नव्हती.

गेल्या डिसेंबरात आमचे हेडसर निवृत्त होणार होते. 31 तारखेला सत्कार, हार-शाल-नारळ ठरलेलं. पण सरांची इच्छा निराळी होती. म्हणाले, "मला काही देऊ नका. एक रविवार द्या. आयुष्यभर मुलांना चारमिनारचं चित्र दाखवलं, स्वतः कधी पाहिलं नाही." लगेच बेत ठरला. हेडसर, पीटी सर, मी आणि मामू. पहाटे निघायचं, रात्री परत यायचं, मुक्काम नाही.

मामू म्हणजे माझा बालपणचा दोस्त. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. लहान असल्यापासून गल्लीतली सगळी पोरं त्याला मामूच म्हणतात, का ते कुणालाच आठवत नाही. बांधकामाची गुत्तेदारी करतो. शाळेच्या नव्या खोल्या त्यानंच बांधल्या, म्हणून हेडसरांशी त्याची ओळख. गाडी त्याच्या मेव्हण्याची.

मी कारणं काढली. पेपर तपासायचे आहेत, गुडघा दुखतो, अम्मीची तब्येत नरम आहे. अम्मीनंच ते कारण खोडून काढलं, "मला काय झालंय? जा की." मग मी शेवटचं अस्त्र काढलं. 2019 साली चारमिनारच्या एका मिनाराचा चुन्याचा तुकडा निखळून खाली पडला होता, ती बातमी मी जपून ठेवली होती. ती हेडसरांना दाखवली. सरांनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "सर, चारशे वर्षांत एक तुकडा. आपल्या शाळेचा गिलावा दरवर्षी पडतो." पीटी सर पोट धरून हसले. मामू मात्र हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

आता ती गोष्ट सांगतो.

आमचं गाव सास्तूर. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाला जग किल्लारीचा भूकंप म्हणतं, पण सास्तूरचं नाव त्या यादीत किल्लारीच्या मागोमाग येतं. पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, गाव दमून झोपलं होतं. मी बारा वर्षांचा. अब्बा आणि मी अंगणात बाजेवर, अम्मी ओसरीच्या तोंडाशी, दादी आणि माझी सहा वर्षांची बहीण आतल्या खोलीत. आमची घरं तेव्हा सगळ्यांसारखीच होती, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडाच्या भिंती आणि वर माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पाहुणे यायचे तेव्हा अब्बा भिंतीवर हात ठेवून सांगायचे, ही भिंत तोफेला ऐकणार नाही.

काही सेकंदांचं काम होतं. त्यानंतर धूळ आणि अंधार. मग पाऊस. अम्मीला कमरेपर्यंत माती होती, तिला अब्बांनी ओढून काढलं. दादी आणि बहीण दुसऱ्या दिवशी दुपारी सापडल्या. सगळ्या भागात मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. आमचं गावही उठलं आणि नव्या जागी बसलं. आज आम्ही राहतो ते घर पुनर्वसनातलं आहे, वर स्लॅब, आजूबाजूला मोकळी जागा. तिथं मला झोप येते. पण जुन्या दगडी इमारतीच्या आत पाऊल टाकलं की माझे कान बंद होतात, तळहाताला घाम फुटतो. गेली तीस-बत्तीस वर्षं हे असंच आहे. बायकोला थोडंफार माहीत आहे. शाळेत कुणाला नाही. मास्तरच दगडाला भितो म्हटल्यावर वर्गात काय राहील?

आणि दादीचं काय सांगू! दादीच्या तोंडी 'शहर' म्हणजे एकच, हैदराबाद. सोलापूरला ती सोलापूर म्हणायची, लातूरला लातूर, मुंबईला मुंबई. 'शहर' फक्त हैदराबाद. तिच्या लहानपणी आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि राजधानी हैदराबादच. दहा-अकरा वर्षांची असताना ती वडिलांबरोबर कुठल्याशा जमिनीच्या कामासाठी तिथं गेली होती. एकदाच. पण त्या एका फेरीवर तिनं साठ वर्षं काढली. चारमिनारखालून टांगा गेला होता, मक्का मशिदीच्या सहनात कबुतरं होती, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या होत्या. 1948 मध्ये ते राज्य संपलं, 1956 मध्ये आमचा मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात आला. दादीच्या हिशेबी यातलं काहीच झालेलं नव्हतं. संध्याकाळी मला आणि बहिणीला जवळ घेऊन म्हणायची, "शहर जाको आव बेटा. चारमिनार देखे बगैर मरना नक्को."

इतक्या जवळच्या शहरात मी कधी गेलो नव्हतो, यामागे दगडाबरोबर दादीही होती. पण या सगळ्याच्याही तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती पुढे येईल.

साडेतीनला क्रुझर दारात आली. उमरग्याच्या अलीकडे पीटी सरांनी गाणी लावली होती. मी घड्याळ बघू नये असं ठरवलं होतं आणि बघितलं. चार वाजायला चार कमी. वर पाहिलं तर मामूही स्वतःच्या मोबाईलकडे बघत होता. त्यानं गाण्याचा आवाज कमी केला आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. बोलला काही नाही. तो पंधरा वर्षांचा होता तेव्हा, आणि त्याच्या घरातून त्याचा थोरला भाऊ गेला. आम्ही दोघांनी या विषयावर आजवर एक वाक्य बोललेलं मला आठवत नव्हतं.

उमरग्यापासून हमरस्ता सरळ हैदराबादला जातो. हुमनाबाद मागं पडलं, फजरची नमाज जहीराबादला पढलो, तोवर हेडसर गाडीत एकटेच थंडीत बसून राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "दुआ केली का माझ्या पेन्शनसाठी?" सरांची पेन्शनची फाईल दोन महिने फिरत होती, त्यामुळे आम्ही खरंच केली होती.

हैदराबादेत उतरलो तेव्हा नऊ वाजले होते. पीटी सर आणि मामू नहारीवर तुटून पडले, हेडसरांनी इडली खाल्ली, मी चहात उस्मानिया बिस्किट बुडवत बसलो. आणि मग समोर ते आलं, दादीचं चारमिनार.

मला वाटलं होतं तेवढं ते लांब नव्हतं. म्हणजे चित्रात ते मोकळ्या मैदानात एकटं उभं असतं. प्रत्यक्षात ते गर्दीच्या मधोमध आहे. फळांच्या गाड्या, मोत्यांची दुकानं, बुरखे घेतलेल्या बायका, सेल्फी घेणारी पोरं, आणि या सगळ्यावर 160 फूट उंचीचे चार मिनार. मुहम्मद कुली कुतुबशहानं 1591 मध्ये बांधलेलं, हिजरी सन हजाराच्या सुमाराला. वरच्या मजल्यावर मशीद आहे. वर जायला मिनाराच्या पोटातून गोल जिना, अरुंद, 149 पायऱ्या.

तिकिटं काढायला पीटी सर निघाले. मी म्हटलं, "तीनच काढा. माझा गुडघा." हेडसरांचा चेहरा उतरला, पण ते समजूतदार माणूस. तिघं आत गेले. मी बाहेर कठड्याला टेकून उभा राहिलो. मला तीन पिशव्या मिळाल्या होत्या सांभाळायला.

वीस मिनिटांनी मामू एकटाच खाली आला. धापा टाकत होता. आमचं बोलणं घरच्या दखनीत चालतं, इथं मराठीत लिहितो.

"पायऱ्या मोजल्या," म्हणाला. "149 आहेत. बरोबर लिहिलंय." मग माझ्या शेजारी उभा राहून तो कमानीकडे बघायला लागला. माणूस जसा दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघतो तसा. "चुना बघ. दगड आणि चुना. चुना मुरत जातो तसा धरतो. आपल्याकडे काय होतं? माती."

मी काही बोललो नाही.

"मास्तर, तू दगडाला भितोस, मला माहीत आहे. नळदुर्गला तू आत का जात नाहीस तेही माहीत आहे. माझा पोरगा तुझ्या वर्गात होता, तो सांगायचा. पण दगडाचा काय दोष?"

आणि मग त्या गर्दीत, एका केळीवाल्याच्या गाड्याशेजारी उभं राहून, त्यानं मला आमच्या गावच्या भिंती समजावून सांगितल्या. बारा वर्षं त्या भिंतींच्या आत राहून मला त्या कळल्या नव्हत्या. आमची भिंत एक भिंत नव्हतीच, त्या दोन भिंती होत्या. आतल्या अंगाला एक पदर, बाहेरच्या अंगाला दुसरा, दोन्हींना बाहेरून घडवलेले चांगले दगड आणि मध्ये गोटे आणि माती भरलेली. दोन पदरांना बांधून ठेवणारा, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारा लांब दगड मधे मधे घालावा लागतो. तो कुणी घातलेला नव्हता. जमीन हलली की पोटातली माती खाली बसते, दोन पदर फुगतात आणि सुटे होऊन पडतात. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळतीसाठी आपण वर पांढरी माती टाकत आलो, जुनी कधी काढली नाही. बापानं टाकली, आजानं टाकली. कित्येक घरांवर दोन-दोन फूट माती होती. ते सगळं ओझं माणसांवर आलं.

"तुला आठवतं का," तो म्हणाला, "किती घरांचे लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या होत्या? भिंती नाहीत, पण खांब उभे. लाकूड एकमेकांना धरून होतं. दगडाला धरायला कुणी नव्हतं."

मला आठवत होतं. गावभर उभे असलेले ते खांब मला आजही स्वप्नात दिसतात, पण त्यांचा असा अर्थ मी कधी लावला नव्हता.

मामू हे सगळं कुठं शिकला? भूकंपानंतर. घरं दुरुस्त करायला, नवी बांधायला इंजिनिअर आले, गावोगावच्या गवंड्यांना शिकवायला लागले. आरपार दगड, कोपऱ्यांची बांधणी, दाराच्या वर चारी बाजूंनी फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा. मामू तेव्हा माती कालवायला होता. शाळा त्यानं तिथंच सोडली.

एवढ्यात हेडसर खाली आले. डोळ्यांत पाणी होतं की वरचा वारा होता, कोण जाणे. "फार छान," एवढंच म्हणाले, आणि केळी घेतली.

लाड बाजारात आम्ही फार वेळ घालवला, म्हणजे पीटी सरांनी घालवला. त्यांना पाच घरी बांगड्या न्यायच्या होत्या आणि एकाही मनगटाचं माप माहीत नव्हतं. मी मुलीसाठी एक जोड घेतला. दुकानदारानं त्याआधी लहान मुलींच्या मापाच्या बांगड्या पुढे केल्या होत्या, त्या मी बाजूला सारल्या.

जोहरच्या वेळेला मक्का मशिदीत आलो. कबुतरं होती. दादीनं सांगितल्याप्रमाणे, सहनभर. मशिदीचं काम 17 व्या शतकाच्या सुरुवातीला मुहम्मद कुतुबशहाच्या काळात सुरू झालं आणि 1694 मध्ये, औरंगजेबानं गोवळकोंडा घेतल्यानंतर, पूर्ण झालं. सगळं ग्रॅनाइट. आतलं दगडी छत 75 फुटांवर. वजू केला आणि मी ठरवून टाकलं की सहनातच उभं राहायचं. मोकळ्या आकाशाखाली. मशिदीचं सहन मशीदच असतं, कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मामू पुढे गेला.

इकामत झाली. माझ्या मागून एक म्हातारे चाचा काठी टेकत आले आणि माझ्याजवळ थबकले. "क्या मियाँ, आगे सफ खाली है ना, इदर काए कू खडे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढची सफ भरल्याशिवाय मागं उभं राहू नये, हे मी स्वतः लहान मुलांना शिकवतो. चाचांनी माझ्या उत्तराची वाटही पाहिली नाही. माझा दंड धरला, आधारासाठी की ओढण्यासाठी ते कळलं नाही, आणि आम्ही दोघं कमानीखालून आत गेलो. सफमध्ये एक जागा होती आणि त्यांनी मला तिथं उभं केलं, स्वतः शेजारी उभे राहिले. खांद्याला खांदा.

खरं सांगतो, ती नमाज चांगली झाली नाही. जोहरला इमाम मोठ्यानं पढत नाहीत, त्यामुळे आत जी शांतता होती तिच्यात मला फक्त माझं काळीज ऐकू येत होतं. पहिल्या सजद्यात डोकं जमिनीला टेकलं तेव्हा पाठीवर ते सगळं छत आहे असं वाटलं. दुसऱ्या रकातीला थोडं कमी. तिसऱ्या रकातीला माझ्या लक्षात आलं की मी खांब मोजतोय, आणि कुठला दगड आरपार असेल याचा विचार करतोय. नमाजीत असे विचार यावेत का? येऊ नयेत. पण भीतीच्या जागी हिशेब आला होता, हेही खरं. सलाम फेरल्यावर चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कहाँ के?" मी म्हटलं, "सास्तूर. किल्लारी के बाजू." किल्लारीचं नाव ऐकताच त्यांनी तस्बीह खाली ठेवली आणि हात उचलून दुआ केली. मोठ्यानं नाही. मी आमीन म्हटलं.

फर्जनंतरच्या सुन्नती मी तिथंच, आतच पढलो.

सालारजंग म्युझियमबद्दल फार लिहीत नाही, तिथं सगळेच जातात. इमारत 1968 सालची, त्यामुळे मी बिनघोर हिंडलो. तीन वाजता त्या प्रसिद्ध घड्याळातून छोटा माणूस बाहेर आला, ठोके दिले आणि आत गेला. दोनशे माणसं तेवढ्यासाठी अर्धा तास बसली होती, हेडसर पहिल्या रांगेत. पीटी सर म्हणाले, "आपल्या शाळेच्या शिपायासारखा आहे. घंटा देतो आणि गायब."

बाहेर आलो तेव्हा पीटी सरांना गोवळकोंडा हवा होता. टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते, ते त्यांना करून बघायचं होतं. पण उजेड कमी होता आणि हेडसरांचे पाय गेले होते. तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मी काहीतरी मागितलं. म्हटलं, "नयापूल ओलांडला की पलीकडे उस्मानिया दवाखाना आहे. त्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. ते बघू या."

"झाड?" पीटी सर म्हणाले. "अहो, आपल्याकडे चिंचा कमी आहेत का?"

वर्गात रुबाई हा काव्यप्रकार शिकवताना मी दरवर्षी अमजद हैदराबादींचं नाव घेतो. रुबाईत त्यांच्या तोडीचे फार थोडे. 28 सप्टेंबर 1908 ला मुसी नदीला पूर आला, तेव्हा अमजदसाहेबांची आई, बायको आणि मुलगी, तिघी त्यांच्यादेखत वाहून गेल्या. ते एकटे वाचले. त्या पुरात पंधरा हजारांच्या आसपास माणसं गेली असं सांगतात. नदीकाठच्या या चिंचेच्या झाडावर मात्र सुमारे दीडशे माणसं चढून बसली आणि ती जगली. झाड अजून आहे. पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आलं, पाणी अडवायला वर उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले, 1920 आणि 1927 मध्ये. अमजदसाहेब 1961 पर्यंत जगले. त्रेपन्न वर्षं. वर्गात मी हे सगळं सांगत आलो, पण त्या त्रेपन्न वर्षांचा विचार मी वर्गात कधी करत नाही, घरी येऊन करतो.

झाड दिसायला काही विशेष नाही. जुनं, वाकलेलं, खोडाच्या गाठी. आजूबाजूला पेशंटचे नातेवाईक चादरी टाकून बसलेले, कुणी डबा खातंय, कुणी झोपलंय. हेडसर खोडाला हात लावून उभे राहिले. दीडशे माणसं, असं दोनदा म्हणाले. मग त्यांना आणि पीटी सरांना चहा आठवला.

मी आणि मामू खाली बसलो. आणि काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण मी बोलून गेलो.

त्या रात्री माझी बहीण माझ्या बाजेवर झोपायला आली होती. विसर्जनाची मिरवणूक बघून तिला झोप येत नव्हती, तिला बाहेर झोपायचं होतं. मी तिला ढकललं. म्हटलं, तू लाथा मारतेस, आत जा दादीकडे. ती रडत आत गेली. बस, एवढंच. अब्बा त्या वेळी झोपलेले होते, त्यांना माहीत नव्हतं. ते गेले, तोवर मी त्यांना सांगितलं नाही. अम्मीला आजही सांगितलेलं नाही. भूकंपानंतर मौलवीसाहेबांनी सांगितलं होतं की ढिगाऱ्याखाली दबून मरणाऱ्याला शहादतीचा दर्जा आहे. त्यानं अम्मीला फार आधार मिळाला, अजून मिळतो. लोक म्हणाले, अल्लाहची मर्जी. माझाही त्यावर ईमान आहे. पण माझा सवाल कुणी विचारलाच नव्हता, तर त्याचं उत्तर कोण देणार?

मामू बराच वेळ जमिनीवरचा चिंचोका नखानं उकरत होता.

"तुमच्या त्या खोलीची भिंत मी उपसलीय," तो म्हणाला. "मी, माझा चुलता आणि बाकीचे. त्यात एक दगड आरपार नव्हता. वरची माती माझ्या मांडीपर्यंत होती. ती भिंत कुणी बांधली? तुझ्या पणजोबानं. माती कुणी टाकली? सगळ्यांनी. आदल्या वर्षी धक्के बसत होते तेव्हा सगळं गाव बाहेर झोपलं, मग थंडी आली, पाऊस आला, सगळे आत गेले. कुणी घर बघून सांगायला आलं? आणि तू, बारा वर्षांचा, तू काय केलंस? बाजेवर जागा दिली नाहीस. माझ्या भावानं मला रोज बाजेवरून ढकललं होतं. त्या रात्रीसुद्धा ढकललं. मी अंगणात खाली झोपलो, तो आत गेला."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मग मी काय म्हणू?" तो म्हणाला. "त्यानं मला वाचवलं म्हणू? तो बाजेसाठी भांडला होता, बस."

थोड्या वेळानं तो पुढे म्हणाला, "मी घर बांधतो ना, मालक कटकट करतात. पट्टा कशाला, खर्च वाढतो, अल्लाह मालिक आहे. मी म्हणतो, अल्लाह मालिक आहेच, पण उंट बांधायला त्याच्या रसूलनंच सांगितलंय. पट्टा नसेल तर दुसरा गवंडी बघा. तीस वर्षांत दोन-चार गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत."

हेडसर लांबून हाक मारत होते. मामू उठला, पँटची माती झटकली आणि मला हात दिला.

अस्र आम्ही दवाखान्याजवळच पढलो. परत निघताना गाडीत पीटी सर आधी झोपले, मग हेडसर. जहीराबादच्या पुढे मामूही झोपला, तोंड उघडं टाकून. मी ड्रायव्हरला जागं ठेवायला बोलत राहिलो.

घरी पोचायला साडेअकरा झाले. अम्मी झोपली होती. मुलगी जागी होती, बांगड्यांसाठी. घालून हलवून पाहिल्या, दिव्याखाली धरल्या. मग विचारलं, "अब्बा, वर गेला होता?"

"नाही. मामू गेला होता. 149 पायऱ्या आहेत."

"तुम्ही का नाही?"

गुडघा, असं तोंडात आलं होतं. ते गिळलं. म्हटलं, "बस इथं. तुला एक फुफी होती, तिची गोष्ट सांगतो."